म्हातारा विहिरीपाशी थांबतो

माझी धाकटी बहीण बाहुल्यांच्या नाटकात होती. घरात तिला धाकटी म्हणायचे, पुढे नाटकमंडळीतही तेच नाव चिकटलं. लोकांना वाटतं, बाहुली चालवणं म्हणजे बोटांचा खेळ. मी सगळा जन्म वखारीत दोर आणि कप्पीवर खोकी चढवली-उतरवली. बोटांचा खेळ कुठला आणि पाठीचं काम कुठलं, हे मला बघून कळतं. तिचं काम पाठीचं होतं.

त्या नाटकघरात रंगमंचाच्या वर, काळ्या कापडामागे, एक अरुंद लाकडी पूल होता. मंडळी त्याला माळा म्हणत. पुलाला पुढच्या बाजूने कमरेइतक्या उंचीवर लोखंडी पाइप. बाहुल्या चालवणारे या पाइपला पोट टेकून खाली ओणवे व्हायचे आणि हात पुढे लांब करायचे. हातात लाकडाची फुली, फुलीला सगळे दोर बांधलेले, दोरांच्या खालच्या टोकाला बाहुली. प्रेक्षकांना फक्त बाहुली दिसते.

भरलेली बादली हात लांब करून धरून बघा. थोड्याच वेळात खांदा बोलायला लागतो. धाकटी तेवढं वजन सगळा खेळभर धरायची, आणि ते चालवायची, बसवायची, त्याला मान हलवायला लावायची. तिच्या हातातल्या बाहुलीचं नाव म्हातारा. उंचीला शाळकरी पोराएवढा, भरीव लाकडाचा, अंगावर जाड घोंगडीचं कापड. मंडळीतली सगळ्यात जड बाहुली ती, आणि ती एकट्या धाकटीच्या हातात.

म्हातारा तिच्या नवऱ्याने कोरला होता. नवरा मंडळीचा सुतार. भला माणूस, पण वात्रट. म्हाताऱ्याला त्याने नाक दिलं ते आमच्या वडिलांचं. वडिलांनी खेळ पाच-सहा वेळा पाहिला आणि दर वेळी म्हणाले, "काय भिकार नाक काढलंय." त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सुतार स्वतः म्हातारा व्हायच्या आधीच गेला. धाकटी तेव्हा मंडळीचे कपडे शिवायची. तेराव्या दिवसानंतर ती शिलाईचं मशीन झाकून माळ्यावर चढली आणि म्होरक्याला म्हणाली, "म्हातारा मी धरते." म्होरक्या म्हणजे मंडळीचा चालक, नाटक बसवणारा. तो म्हणाला, "बाई, उचलून तर बघा." तिने उचलला. एवढंच झालं. त्यानंतर म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

मंडळीत एक रीत होती. प्रत्येक खेळाआधी रंगमंचाच्या मधोमध पातळ पत्रा ठेवायचे. एकेकाने माळ्यावरून आपली बाहुली त्या पत्र्यावर उतरवायची. पाय टेकल्याचा आवाज झाला, तर त्या दिवशी ती बाहुली दुसऱ्याच्या हातात. कारण ऐकून घेतलं जात नसे. ताप असो, घरात कुणी गेलेलं असो. बाकीचे सगळे पत्र्याभोवती उभे राहून ऐकायचे, आणि डोळे मिटून ऐकायचे. म्होरक्या म्हणायचा, डोळा दयाळू असतो, कान नसतो. समोरचा दमलेला दिसला की बघणारा सांभाळून घेतो. म्हणून बघायचंच नाही.

मला ही रीत आवडायची. वखारीत आम्हीही खोका खाली टेकताना कान द्यायचो. आतली काच बोलते ती डोळ्यांना दिसत नाही.

काहीतरी बिघडलंय हे मला पहिल्यांदा कळलं ते तिच्या स्वयंपाकघरात. मी चहाला गेलो होतो. भाची, म्हणजे तिची मुलगी, कपबशा मांडत होती. धाकटीने उकळतं पातेलं नुसत्या उजव्या हाताने कडेला धरून उतरवलं, शांतपणे ओट्यावर ठेवलं आणि गाळणी शोधायला लागली.

"आई, चिमटा," भाची म्हणाली.

"कशाला? गरम कुठे आहे."

मी पातेल्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. धाकटीने ते पाहिलं. तिने चहा गाळला. मग म्हणाली, "तुझे हात आता बसून खाणाऱ्याचे झालेत, दादा. मऊ पडलेत." भाची हसली. मी हसलो नाही. दोन दिवसांनी गेलो तेव्हा धाकटीच्या बोटांच्या टोकांना पांढरे फोड होते आणि ती त्याच बोटांनी भाजी निवडत होती.

त्यानंतर मी पत्र्याच्या वेळेला नाटकघरात जाऊन बसायला लागलो. मला कोणी अडवत नसे. मी रिकाम्या खुर्च्यांत बसायचो. पत्र्याच्या वेळी वरचं काळं कापड गुंडाळलेलं असतं, त्यामुळे माळा उघडा दिसतो. खाली सगळे डोळे मिटून उभे. मी मंडळीतला नव्हतो, मला डोळे मिटायचं बंधन नव्हतं.

म्हातारा पत्र्यावर उतरला. मांजर उतरावं तसा. आवाज नाही. "ठीक," म्होरक्या म्हणाला आणि सगळ्यांनी डोळे उघडले. तोपर्यंत धाकटीने उजवा हात मागे घेतला होता. पण मी पाहिलं होतं. तिच्या बोटांनी फुली धरलेली नव्हती. बोटं नुसती फुलीवर ठेवलेली होती. फुली तिच्या मनगटाला सुती पट्टीने बांधलेली होती.

मी तिला मागच्या जिन्यात गाठलं.

"मनगटाला काय आहे?"

"बांगडी."

"चिंधीची?"

"विधवा बाईने सोन्याची घालायची का?"

"धाकटे."

ती पायरीवर बसली. उजवा हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने चोळायला लागली. कुणा दुसऱ्याचा हात चोळावा तसा.

"बोटांना कळत नाही," ती म्हणाली. "फुली आहे की नाही, तेच कळत नाही. मनगट चांगलंय. खांदा चांगलाय. म्हणून मनगटाला बांधते."

"वखारीत दोर हाताला गुंडाळणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवायचो."

"तुझ्या वखारीत खोकी होती. खोकी मान डोलवत नाहीत."

"आणि विहीर?"

हे मला विचारावंच लागलं. नाटक एका कोरड्या गावाचं. पाणी आटलंय, घरातली माणसं एकेक करून निघून जातात, म्हातारा एकटा विहीर खणत राहतो. शेवटी तो त्या विहिरीत उतरतो आणि वर येत नाही. म्हाताऱ्याचे दोर रंगमंचाच्या जमिनीपर्यंतच पुरतात. त्याला विहिरीत उतरवायचं तर वर धाकटीने फुलीच सोडून द्यावी लागते. वरचा उजेड तेव्हा विझवलेला असतो. फुली अंधारातून बाहुलीमागोमाग खाली जाते.

खाली तळघरात बोका असतो. बोका म्हणजे रंगमंचाखालची कामं करणारा गडी. दिवसभर तिथेच झोपतो म्हणून हे नाव. पूर्वी तो म्हाताऱ्याचे पाय धरून हाताने खाली ओढायचा. मग त्याचे गुडघे गेले आणि त्याने मेहनत वाचवायची युक्ती काढली. म्हाताऱ्याच्या टाचेला एक कडी. विहिरीच्या तोंडातून हात घालून तो कडीत आकडा अडकवतो. आकड्याचा दोर दोन कप्प्यांवरून जाऊन वाळूच्या पोत्याला बांधलेला, आणि पोतं तुळईला खुंटीवर टांगलेलं. आकडा लागला की बोका फळीवर दोनदा ठोकतो. वर धाकटी फुली सोडते. बोका खुंटी काढतो. पोतं खाली येतं, म्हातारा विहिरीत जातो. वर काय चाललंय ते बोक्याला दिसत नाही. ती सोडतेच, असं त्याने धरून चाललेलं.

"विहिरीच्या आधी मी गाठ सोडते," धाकटी म्हणाली. "दातांनी. सुरगाठ आहे. एक टोक ओढलं की मोकळी."

"सुरगाठीची निरगाठ व्हायला काय लागतं?"

"दादा, मला गाठी शिकवू नकोस. मी कपडे शिवून पोट भरलंय."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"गेले. म्हणाला मानेत नस दबलीये, वजन उचलणं बंद करा. मी म्हटलं, करते."

"म्होरक्याला सांग."

"सांगितलं तर म्हातारा कुणाच्या हातात जाईल माहितीये? त्या लांबट्याच्या." लांबट्या म्हणजे माळ्यावर तिच्या शेजारी उभा राहणारा उंच माणूस. "तो त्याला बदकासारखा चालवेल. मी खुर्चीत बसून ते बघू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलंस तर मला कळेल कुणी सांगितलं. डोळे उघडे ठेवून तू एकटाच बसतोस."

मी सांगितलं नाही. ती काय बोलते आणि काय करते यात अंतर नसायचं. सांगितलं असतं तर माझ्या घराची पायरी ती पुन्हा चढली नसती.

दातांनी गाठ सोडायला तिला वेळ लागायचा. तेवढ्यासाठी तिने म्हाताऱ्याला एक नवीन हालचाल दिली. विहिरीच्या कडेला आला की म्हातारा प्रेक्षकांकडे पाठ करून थांबायचा. मान खाली. खांदे किंचित हलायचे. हलायचे, कारण वर ती दातांनी पट्टी ओढत असायची. मग ठोक-ठोक, आणि म्हातारा खाली.

लोकांनी ही हालचाल उचलून धरली. बाहेर पडताना माणसं त्याबद्दलच बोलायची. त्याला मरायचं नव्हतं, एक बाई म्हणाली, शेवटच्या क्षणी त्याला घर आठवलं. तिने डोळे पुसले. म्होरक्याने धाकटीला बोलावून सांगितलं, "बाई, ते थांबणं अजून थोडं लांबवा."

"लांबवते," धाकटी म्हणाली.

मी प्रत्येक खेळाला जायला लागलो. डाव्या कडेची खुर्ची धरायचो, तिथून तळघराचं दार जवळ. इतरांसाठी ते नाटक होतं. माझ्यासाठी तेवढा एकच क्षण होता, आणि बाकीचा सगळा वेळ त्याच्याकडे जाणारा रस्ता. म्हाताऱ्याची सून घर सोडून जायची, मी विहिरीकडे बघायचो. नातू जायचा, मी विहिरीकडे बघायचो. म्हातारा पाठ करून थांबला की माझा जीव टांगणीला लागायचा. खांदे हलायचे. हलायचे थांबायचे. ठोक-ठोक. म्हातारा खाली जायचा आणि मी श्वास सोडायचो. शेजारचा प्रेक्षक सहानुभूतीने बघायचा. त्याला वाटायचं, मला वडील आठवले.

त्या दिवशी सुट्टी होती. दुपारचा खेळ, नाटकघर गच्च भरलेलं. उकाडा इतका की खुर्चीच्या पाठीला सदरा चिकटत होता. भाची माझ्या शेजारी. ती सहसा यायची नाही, आईला वर ओणवं झालेलं तिला बघवत नसे. त्या दिवशी मीच तिला ओढून आणलं होतं.

पत्रा झाला होता, आवाज आला नव्हता. पडदा वर गेला. पिवळा उजेड, मधोमध विहिरीचा कठडा, कडेला घर. म्हातारा कुदळ घेऊन आला. चार पावलं टाकली आणि डावा पाय जरा उशिरा उचलला. मुलं हसली. आमच्या वडिलांचा गुडघा असाच होता. धाकटीने तो घेतला होता, आणि नाक तर आधीपासून होतंच.

"आजोबा," भाची कानात म्हणाली.

"गप्प बस. बघ."

म्हाताऱ्याने कुदळ मारली. खरी कुदळ मारताना जोर कमरेतून येतो, हातातून नाही. म्हाताऱ्याची कमर आधी मागे जायची, मग कुदळ पडायची. हे तिने मला वखारीत खोकी उचलताना बघून उचललं होतं. पण त्या दिवशी मला वेगळंच दिसलं. म्हाताऱ्याची मान हलत होती ती सगळं अंग घेऊन. नुसती मान वळत नव्हती. म्हणजे वर सगळा हात हलत होता. बोटांचा तर प्रश्नच नव्हता, आता मनगटही वळत नव्हतं. पट्टी फार घट्ट असली की असं होतं.

सून निघून गेली. मुलगा गेला. नातू जाताना म्हाताऱ्याच्या पायाला बिलगला. तो नातू लांबट्याच्या हातात होता, आणि खरंच थोडा बदकासारखा चालायचा.

भाची पुन्हा कानाशी आली. "मामा, आई आज माझ्यावर चिडलीये."

"का?"

"ती हाताला बांधायची तिची पट्टी नाही का, घामाने काळी कुळकुळीत झाली होती. मी सकाळी धुऊन टाकली. वाळायच्या आत हिला निघायचं होतं. ओलीच घेऊन गेली. केवढं बोलली मला."

सुती पट्टी ओली असताना गाठ मारली आणि वर वजन आलं, की गाठ दगड होते. वखारीत ओल्या दोराची गाठ आम्ही सोडवायच्या भानगडीत पडायचो नाही, सुरीच चालवायचो. तिने ती पट्टी ओली बांधली होती आणि आता तिच्यावर म्हाताऱ्याचं सगळं वजन खेळभर लटकत होतं. तिच्याकडे दुसरी पट्टी नसेल. किंवा जुन्या पट्टीची सवय असेल. पत्र्यापुढे नवी पट्टी वापरायला ती घाबरली असेल.

"कशासाठी असते ती?" भाचीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

रंगमंचावर उजेड निळा झाला. ढोल सुरू झाला. हा ढोल विहिरीपर्यंत वाढत जातो. म्हाताऱ्याने घराला कडी लावली आणि कठड्याकडे निघाला.

मी उठलो. पुढच्या रांगेतली माणसं चिडली, कुणीतरी "बसा की हो" म्हणालं. ओरडून खेळ थांबवायचा विचार आला. पण तिची गाठ सुटेलही, दर वेळी सुटते. आणि ओरडलो तर म्होरक्या माळ्यावर जाईल आणि पट्टी बघेल. तळघरात गेलो तर बोक्याशिवाय कुणाला कळणार नाही. दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. म्हातारा कठड्याशी पोहोचला होता. त्याने पाठ केली. मान खाली घातली. खांदे हलायला लागले. सगळं नाटकघर गप्प झालं. खांदे हलतच राहिले. नेहमीपेक्षा जोरात.

तळघराच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या. मी भिंतीला धरून उतरलो. खाली एकच मिणमिणता दिवा. बोका खोक्यावर उभा राहून विहिरीच्या तोंडातून हात वर घालत होता. "थांब," मी म्हणालो. ढोल डोक्यावर होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने आकडा अडकवला. मुठीने फळीवर ठोकलं, दोनदा. मग खोक्यावरून उतरून, गुडघा धरत, खुंटीकडे निघाला.

"थांब रे."

त्याने मला पाहिलं आणि हात केला. थांबा पाहुणे, काम आहे. हात खुंटीवर गेला.

मी पोत्याखाली शिरलो. गुडघे आधी वाकवले, कोपरं अंगाशी घेतली, पोतं छातीवर घ्यायला गेलो. खुंटी निघाली तेव्हा माझे हात पोत्याभोवती पुरते पोहोचले नव्हते. ते वीतभर खाली घसरलं, मग मला सापडलं. वजन मांड्यांवर आलं आणि थांबलं. त्या वीतभराचा झटका दोरातून वर गेला. मला तो दोरात दिसला. दोर ताठ झाला आणि थरथरला.

बोका जवळ आला. "काय करताय? सोडा ते."

"बांधलेली आहे."

"काय बांधलेलं?"

"ती. वर. फुली तिच्या हाताला बांधलीये."

त्याला समजायला एक क्षण गेला. मग त्याचा चेहरा बदलला. "कधीपासून?"

"आकडा काढ."

"दोर ताठ आहे, निघत नाही."

मी पोतं अजून वर उचललं. कसं उचललं ते सांगता येणार नाही, पाठीत काहीतरी सरकलं एवढं आठवतं. दोर सैल पडला. बोका खोक्यावर चढला, कडीतून आकडा काढला. तो निघाल्यावर मी पोतं हळू जमिनीवर टेकवलं. टाकलं नाही. टाकलं असतं तर वर आवाज गेला असता.

मी पायऱ्या चढून पडद्याच्या कडेशी आलो. तिथून वर माळा दिसतो.

धाकटी मांडीपर्यंत पाइपच्या बाहेर आलेली होती. पाय फळीवर नव्हते. लांबट्याने तिला मागून कमरेला मिठी मारून धरलं होतं, आणि त्याच्या हातातली नातवाची बाहुली त्याच्या पायाशी गुंतून पडली होती. अंधारात तिचा उजवा हात सरळ खाली लोंबत होता. त्या हातापासून दोर, आणि दोरांच्या टोकाला, निळ्या उजेडात, म्हातारा. तो विहिरीत गेला नव्हता. कठड्यावर अर्धा आडवा पडला होता, पाय आत, डोकं बाहेर. ती वर हिसके देत होती तसा त्याचा एक हात कठड्यावर सरपटत होता. धरायला काही शोधत असल्यासारखा.

ढोल वाजवणारा थांबला. त्याला काय करायचं कळेना. सगळ्या नाटकघरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत एक मूल आईच्या कुशीत तोंड लपवत होतं. म्हाताऱ्याचा हात आणखी दोनदा सरपटला.

म्होरक्याने पडदा टाकला.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. त्या नाटकाला इतक्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या. त्या आवाजात आम्ही सगळे माळ्यावर गेलो. लांबट्याने तिला फळीवर बसवलं होतं. ती दातांनी अजून पट्टी ओढत होती. हिरडीतून रक्त येत होतं. म्होरक्याने तिच्या तोंडातून पट्टीचं टोक काढून घेतलं, कपड्यांच्या पेटीतली कात्री मागवली आणि कापली. फुली सुटली. हात जांभळा पडला होता. तिने तो मांडीवर घेतला.

"पत्र्याला आज कोण कोण होतं?" म्होरक्याने विचारलं.

सगळेच होते. तोही होता.

त्याने कापलेली पट्टी गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाला, "बाई, फुली द्या."

तिने डाव्या हाताने उचलून दिली. म्होरक्याने ती लांबट्याकडे दिली. लांबट्याने घेतली आणि मान खाली घातली.

"डावा पाय जरा उशिरा उचल," धाकटी त्याला म्हणाली. "घाई करू नकोस."

घरी जाताना ती माझ्याशी बोलली नाही. भाची रडत होती, तिला धाकटी म्हणाली, "तू का रडतेस? पट्टी घाणच झाली होती." माझी पाठ धरली होती, मला नीट चालता येत नव्हतं. धाकटी माझ्यासाठी हळू चालली. दारात पोहोचल्यावर म्हणाली, "तुला खाली जायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मी सोडली असती."

"बरं."

"अजून थोडा वेळ मिळाला असता तर सोडली असती."

मी वाद घातला नाही.

म्हातारा आता लांबट्या चालवतो. तो विहिरीपाशी पाठ करून थांबतो, खांदे हलवतो. गाठ नाही, कारणही नाही, तरी हलवतो. पत्र्याच्या वेळी आता म्होरक्या डोळे उघडे ठेवतो, बाकीचे मिटतात. मी एकदा जाऊन आलो. धाकटी आली नाही. तिने मशीनवरचं कापड काढलं होतं आणि मंडळीचे कपडे पुन्हा शिवायला घेतले होते. उजवा हात कापड नुसता दाबून धरायचा, काम डावा करायचा. ती लवकर शिकली. कोणतंही काम ती लवकरच शिकायची.

पावसाळा संपताना एकदा तिने मला बोलावलं. भाची कामावर गेलेली. धाकटी खिडकीजवळ बसली होती, मशीन बंद.

"जवळ बस," ती म्हणाली. तिने डावा हात टेबलावर ठेवला, तळवा वर, बोटं मोकळी. दुसऱ्या हाताने सुई माझ्याकडे सरकवली. ती तिच्याकडून टेबलावरून खाली पडली. मी उचलली.

"काय करू?"

"बोटाच्या टोकाला टोच. मी तिकडे बघते. टोचलीस की सांगेन."

तिने मान खिडकीकडे वळवली. खाली रस्त्यावर एक माणूस हातगाडी ढकलत चढ चढत होता. ती त्याच्याकडे बघत होती. मी तिचं मधलं बोट धरलं. हात गार होता. सुई टोचली. थोडी अजून आत घातली. रक्ताचा बारीक थेंब आला.

रस्त्यावरचा माणूस चढ चढून गेला.

"टोच ना, दादा," ती म्हणाली. "घाबरतोस काय."

मी सुई काढून घेतली. थेंब अंगठ्याने पुसला.

"ही बोथट आहे," मी म्हणालो. "दुसरी आणतो."